कॅमेऱ्याची गोळी की दुर्बीण? निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या प्रतिक्रियेचं उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. ‘जठराच्या तक्रारीसाठी कॅमेऱ्याची गोळी मागत बसू नका, दुर्बीण करून घ्या’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. (दुर्बीण म्हणजे तोंडातून जठरात घालतात ती कॅमेऱ्याची नळी, एंडोस्कोपी.) त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘‘सिस्टर, तुमची सगळी नोकरी दुर्बिणीच्या खोलीत गेली, म्हणून तुम्हाला त्यापलीकडचं दिसत नाही. माझ्या आईला मागं नळी घातली तेव्हा दोघींनी तिचे हात धरून ठेवले होते. तेव्हापासून ती म्हणते, मरण आलं तरी चालंल, पण ती नळी नको. चीनमध्ये लोक गोळी गिळून जठर तपासून घेतात, अमेरिकेतही सुरू झालंय. मग आम्हीच जुन्या नळीत का अडकायचं? डॉक्टरांचा धंदा चालावा म्हणून?’’ आणि सगळ्यात खाली एक वाक्य होतं : आईचं जेवण पुन्हा कमी झालंय, दोन घासांत पोट भरतं, चोळ्या सैल व्हायला लागल्यात.

दादा, मला सगळ्यात जास्त ते शेवटचं वाक्य लागलं. वय साठीच्या पुढं, दोन घासांत पोट भरणं, वजन उतरणं. या तीन गोष्टी एका माणसात दिसल्या की कुठली तपासणी बरी यावर वाद घालण्यात दिवस घालवायचे नसतात. यातून कर्करोगच निघेल असं अजिबात नाही. जुना अल्सर असेल, जठराची पुढची वाट आवळली असेल, नुसती सूजही असेल. पण काय आहे ते लवकर कळलं पाहिजे. माझ्या मागच्या लेखाचं कारण एवढंच होतं, आणि तुमची प्रतिक्रिया वाचून ते मला आणखी पटलं.

आता चीनचा मुद्दा. तुमची माहिती खरी आहे. तिथं चुंबकानं चालवायची कॅप्सूल वापरतात. रुग्ण पाणी पिऊन पोट फुगवतो, कॅप्सूल गिळतो आणि टेबलावर झोपतो. वर यंत्राच्या हातात मोठा चुंबक असतो. डॉक्टर शेजारी बसून त्या चुंबकानं कॅप्सूल पुढं-मागं नेतात, वळवतात, वर-खाली करतात. २०१६ साली तिथल्या ३५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाची आधी कॅप्सूलनं आणि मग दुर्बिणीनं तपासणी केली होती. दुर्बिणीत जे दोष दिसले त्यातले शंभरातले नव्वद कॅप्सूलनंही पकडले, आणि बहुतेक रुग्णांनी आपली पसंती कॅप्सूललाच दिली. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिला परवानगी दिली, आणि २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ४० जणांवर तिचा छोटा अभ्यास केला. हे काम उत्तम आहे, ते आपल्या भागातही यावं असं मला मनापासून वाटतं. दुर्बीण नाकारून घरी बसलेल्या कितीतरी माणसांना त्यातून तपासणीपर्यंत आणता येईल.

पण बेळगाव-कोल्हापूरकडं ‘कॅप्सूल एंडोस्कोपी’ म्हणून तुम्हाला जी सांगतात ती साधारणपणे ही नव्हे. ती लहान आतड्यासाठी बनलेली, आपली आपण पुढं सरकणारी कॅप्सूल असते. क्षेपणास्त्रांच्या दृष्टियंत्रणेवर काम केलेले इस्रायलचे अभियंते गॅव्रिएल इदान यांनी ती घडवली आणि २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. लांबी साधारण २६ मिलिमीटर, जाडी ११. सेकंदाला दोन-चार फोटो काढत ती आठ-दहा तासांत आतडं पार करते, पन्नास हजारांच्या वर फोटो कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या रेकॉर्डरमध्ये जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर ते बघतात. लहान आतडं अरुंद आहे. भिंत चारी बाजूंनी जवळ असते, त्यामुळं तिथं ही कॅप्सूल फार चांगलं काम करते.

जठरात तिचं तसं चालत नाही. रिकामं जठर म्हणजे घडी पडलेली पिशवी. भिंतीला वळ्या, वळ्यांवर चिकट बुळबुळीत थर, कुठं फेस, कुठं कालच्या जेवणाचा अंश. दुर्बिणीतून आम्ही आधी हवा सोडून जठर फुगवतो, पाण्याच्या फवाऱ्यानं भिंत धुतो, घाण पाणी ओढून घेतो. मग नळीचं टोक उलटं वळवून अन्ननलिका जिथं जठराला मिळते ती जागा खालून वर बघतात, कारण वरचा घुमट समोरून दिसतच नाही. आपोआप सरकणारी कॅप्सूल यातलं काहीच करत नाही. ती पडेल तिकडं तोंड करून फोटो काढते. कधी काही मिनिटांत जठरातून निसटते, कधी एकाच वळीत तासभर पडून राहते. अशा तपासणीचा रिपोर्ट ‘काही आढळलं नाही’ असा आला तर मला त्याची भीतीच वाटते. तो कागद हातात आला की घरचे निश्चिंत होतात आणि आणखी सहा महिने निघून जातात.

समजा, चुंबकाची कॅप्सूल उद्या निपाणीतच मिळायला लागली. तरी तुमच्या आईसाठी मी आज दुर्बीणच सांगेन. कॅप्सूल बघते, पण तिला सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला अस्तराचा तुकडा (बायॉप्सी) काढता येत नाही.

हे मी अनुभवानं सांगते. डोळ्यांना साधा वाटणारा व्रण तुकड्यात वाईट, म्हणजे कर्करोगाचा, निघालेला मी पाहिला आहे, आणि बघूनच सगळ्यांचे चेहरे पडले होते असा व्रण तुकड्यात साधा निघालेलाही पाहिला आहे. म्हणून जठरातल्या व्रणाच्या कडेचे एक नाही, पाच-सहा तुकडे घेतात. तुकडा घेताना दुखत नाही, जठराच्या आतल्या अस्तराला तशी वेदना कळत नाही. पोटाच्या अल्सरचं मोठं कोडंही तुकड्यांमुळंच सुटलं. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ साली जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्यांना वाकडे-तिकडे जंतू दिसले. जठराच्या आम्लात जंतू जगतच नाहीत असं तेव्हा सगळे मानत होते. पुढं बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांबरोबर त्यांनी ते धरून ठेवलं आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी तो हाच. आज अल्सरवाल्या कितीतरी माणसांना आयुष्यभर पित्ताच्या गोळ्या खाव्या लागत नाहीत, चौदा दिवसांच्या औषधांत जंतू जातो आणि अल्सर बरा होतो. त्या जंतूसाठी श्वासाची आणि शौचाची तपासणी असते, ती कॅप्सूलबरोबरही करता येईल. पण व्रण साधा की वाईट, हे श्वासातून कळत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या आईच्या बाबतीत विचारायची आहे. त्या मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून घेतात का, ती पॅन्टोप्राझोलसारखी? आपल्याकडं अर्धं गाव घेतं. या गोळ्यांनी जळजळ थांबते, पण वाईट व्रणही काही काळ वरून भरल्यासारखा दिसतो आणि पायलोरीची तपासणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते. डॉक्टरांना ते आधी सांगा, किती दिवस बंद ठेवायची ते तेच ठरवतील. गुडघ्याच्या, कंबरेच्या गोळ्यांचंही तसंच. विड्या वळायला दिवसभर एका बैठकीत बसणाऱ्या बायका डायक्लोफिनॅक शेंगदाण्यासारखी खातात, आणि ‘जेवून घेतली की काही होत नाही’ असं एकमेकींना सांगतात. जेवून घेतली तर जळजळ कमी होते हे खरं. पण ही औषधं रक्तातून जठराच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात, त्यामुळं जेवल्यानं अल्सरचा धोका टळत नाही. मशेरी लावत असतील तर तीही सांगा. लाजू नका, दुर्बिणीच्या खोलीत त्यावरून कुणी बोलत नाही, आणि बोलू नये.

धंद्याबद्दल एकच सांगते. कॅप्सूल एकदाच वापरायची वस्तू आहे, ती दुर्बिणीपेक्षा कितीतरी पट महाग पडते. पैशासाठीच सांगायचं असतं तर मी तीच सांगितली असती.

आता नळीच्या भीतीबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात खरा भाग तोच आहे. तुमच्या आईला धरून ठेवून नळी घातली असेल, तर तिचं घाबरणं अगदी रास्त आहे. असं व्हायला नको होतं. माणसाला धरून ठेवून केलेली तपासणी नीट होतही नाही. तो उमाळे काढतो, जठर आवळतं, डॉक्टर घाईनं बाहेर येतात. पण त्यावर उपाय नळी सोडून देणं हा नाही, नळी नीट घालणं हा आहे. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

काय मागायचं ते सांगते. घशात बधिरतेचा फवारा मारल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायला सांगा, घसा जड झाल्याशिवाय सुरू करू देऊ नका. शिरेतून गुंगीचं औषध देता येतं, बहुतेक मोठ्या दवाखान्यांत मिळतं. आईचा मागचा अनुभव सांगून ते आधीच ठरवून घ्या. बऱ्याच जणांना नंतर तपासणी झाल्याचंही आठवत नाही. गुंगी नको असेल तर काही ठिकाणी नाकातून जाणारी बारीक दुर्बीण असते. नेहमीची साधारण नऊ मिलिमीटर, ही पाच-सहा, आणि तिनं उमाळा कमी येतो. नळी अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही, म्हणून श्वास पूर्ण वेळ चालू असतो. ‘मी गुदमरीन’ हीच भीती सगळ्यांत मोठी असते, आणि कुणी आधी सांगितलेलं नसतं. डाव्या कुशीवर झोपायचं, श्वास नाकानं सावकाश घ्यायचा, लाळ गिळायची नाही, तोंडाच्या कडेनं वाहू द्यायची. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं.

आणि हे सगळं आईला तिच्या भाषेत कुणीतरी सांगितलं पाहिजे. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. टेबलावर पडलेल्या मराठी बाईला कुणी ‘नुंग्री, नुंग्री’ म्हणत राहिलं आणि तिला गिळायला सांगताहेत हे कळलंच नाही, तर ती घाबरणारच. गोकाक-बैलहोंगलकडच्या कानडी आजीला आमच्यातली कुणी मराठीत ‘गिळा, गिळा’ ओरडली की तिचंही तेच होतं. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. तुम्ही स्वतः आधी भेटून सांगा, ‘‘आईला मराठीच समजतं, कुणीतरी तिच्या उशाशी राहून बोलेल का?’’ चांगल्या खोलीत एक सिस्टर फक्त डोक्याशी उभी असते, हात हातात घेऊन. तो हात धरून ठेवण्यासाठी नसतो. हात वर केला की थांबतील, हे आधी कबूल करून घ्या.

काचेच्या तंतूंची लवचिक दुर्बीण पहिल्यांदा बनवणाऱ्यांपैकी बेसिल हिर्शोवित्झ यांनी १९५७ साली अमेरिकेत ती आधी स्वतःच्या घशात उतरवली आणि मगच रुग्णाला लावली. नळी गिळताना काय होतं हे कळून घेतल्याशिवाय ती दुसऱ्याला गिळायला लावू नये, असं मला तेव्हापासून वाटत आलंय जेव्हा मी हे पहिल्यांदा वाचलं. या कामात नव्यानं येणाऱ्या मुलींनाही मी ते सांगते.

कॅप्सूल कधी घ्यायची तेही लिहिते, म्हणजे मी तिच्या विरोधात आहे असा समज राहायला नको. वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या, कुठं काही सापडलं नाही, तरी रक्त कमी होत चाललंय किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतंय. अशा माणसाच्या लहान आतड्यात कुठंतरी रक्त झिरपत असतं, आणि ती जागा शोधायला कॅप्सूलसारखी सोपी तपासणी नाही. मात्र आपल्या भागात तिच्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : पूर्वी टीबी झाला होता का? आतड्याच्या टीबीनं, जुन्या ऑपरेशननं किंवा वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी आतडं जागोजाग आवळलेलं असू शकतं. अशा ठिकाणी कॅप्सूल अडकते, आणि कधी ती काढायला ऑपरेशन करावं लागतं. एकूण शंभरात एखाद-दोघांचं असं होतं, पण आवळलेलं आतडं असेल तर धोका बराच वाढतो. शंका असली की आधी विरघळणारी रिकामी कॅप्सूल देऊन वाट मोकळी आहे का बघतात. आणि खरी कॅप्सूल शौचावाटे पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

तुम्हाला कोल्हापूर जवळ पडतं की बेळगाव, ते तुम्ही बघा. दोन्हीकडं ही तपासणी रोज होते. आदल्या रात्री हलकं जेवण, त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. गुंगी घेतली तर त्या दिवशी आईला एसटीनं एकटीला पाठवू नका, बरोबर कुणीतरी असू द्या. तुकडे घेतले तर रिपोर्टला काही दिवस लागतात. तो आणायला तुम्हीच जा, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी ठेवून देऊ नका. आईला साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी त्या सकाळी किती घ्यायचं हे नाव नोंदवतानाच विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा, आणि शक्यतो याच आठवड्यात.