जुन्या गाड्यांचं ऑइल बदलावं लागायचं, आणि तेही दर बाराशे किलोमीटरला

माझ्या मामांनी त्यांच्या जुन्या जीपचं काढलेलं ऑइल धोतराच्या फडक्यातून गाळून पुन्हा इंजिनात ओतायला ठेवलं होतं. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर. त्याचं म्हणणं असं: फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीला ऑइल फिल्टर नव्हता, तिचं ऑइल कधी बदलत नसत, तरी गाड्या वर्षानुवर्षं चालल्या, ऑइल खराब होत नाही, नुसतं मळतं, फिल्टर हा कंपन्यांचा धंदा, म्हणून जुनं ऑइल सुती कापडातून गाळा आणि परत वापरा. मामांना वेळेवर थांबवलं. पण नात्यातले बाकीचे लोक हे अजून पुढे पाठवतायत, म्हणून लिहितोय.

फिल्टर नव्हता, हे खरं. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बनल्या. त्यांना ऑइल पंपसुद्धा नव्हता. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, तळातलं ऑइल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीत पडून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जायचं, बाकी सगळं शिंतोड्यांवर.

पण ‘कधी बदलत नसत’ हे धडधडीत खोटं आहे. खुद्द फोर्डने गाडीमालकांना दिलेली माहितीपुस्तिका वाचा. नवी गाडी पहिले काही शे मैल चालली की घाण ऑइल काढून टाका, आणि पुढे दर ७५० मैलांनी, म्हणजे सुमारे १२०० किलोमीटरला, पुन्हा तेच करा. तेवढ्यावर भागत नव्हतं. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या रिकाम्या चेंबरमध्ये गॅलनभर रॉकेल ओतायचं, हँडलने इंजिन पंधरा-वीस वेळा फिरवायचं, रॉकेल काढायचं, आणि खळग्यांत राहिलेलंही निघावं म्हणून गाडी जराशा चढावर घ्यायची. मग नवं ऑइल. फिल्टर नसल्याची किंमत मालक अशी मोजत होता. शिवाय फिरते दांडे ज्यांवर टेकतात ती बेअरिंग ढिली झाली की ती पुन्हा बसवणं हे तेव्हा नेहमीचंच काम होतं.

आता कापडाचं. सगळ्यात जास्त राग मला याच सल्ल्याचा येतो. बेअरिंग खाणारे कण बरेचदा पाच ते वीस मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. धोतराच्या विणीतून असे कण सहज पार होतात. ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल, पाणी, आम्लं तर कुठल्याच कापडाने अडत नाहीत. उलट कापडाची लव ऑइलमध्ये उतरते. मॉडेल टीमध्ये इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर चालत, आणि गिअरच्या पट्ट्यांना सुती अस्तर असे. त्या अस्तराची लव सुटून ऑइलच्या त्याच एका नळीत अडकायची आणि पुढचा भाग कोरडा पडायचा. ती अडवायला लोक वेगळी जाळी बसवून घेत. ज्या गाडीचा दाखला देऊन कापड वापरायला सांगतायत, तिला सुताच्या लवेनेच छळलं होतं!

फिल्टर हा धंदा? अर्थात विकण्यासाठीच बनवला. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी तो १९२३ साली आणला, १९२४ च्या क्रायस्लर गाडीला तो बसला. पण कच्च्या रस्त्यांची धूळ इंजिनात जात होती, आणि ऑइल पंप असलेल्या गाड्यांत पंपाच्या दाबाने तेच ऑइल बेअरिंगमध्ये घुसत होतं. गरज खरी होती.

‘ऑइल नुसतं मळतं’ यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. मूळ तेल बऱ्यापैकी टिकतं, म्हणूनच वापरलेलं ऑइल कारखान्यात पुन्हा शुद्ध करता येतं. पण तिथे निर्वात ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे हवा काढून घेतलेल्या भांड्यात तेलाची वाफ करून ती पुन्हा थंड करतात, आणि संपलेली रसायनं नव्याने घालतात. घरातल्या बादलीत ते होत नाही. आणि काही गॅरेजवाले गरजेपेक्षा लवकर ऑइल बदलायला लावतात, ही तक्रारही रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहणं.

मामांच्या जीपमध्ये आता नवं ऑइल आणि नवा फिल्टर घातलाय. गाळलेलं ऑइल गटारात न ओतता डब्यात भरून ठेवलंय. ते वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच जाईल.