लास्ट इयर आहे ना बे!

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही शेवटच्या वर्षात पोहोचलात. पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर अजून मागून चालत येतोय, ही गोष्ट वेगळी. येईल तोही हळूहळू. आपलं नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव इथे कायदा शिकले, सरन्यायाधीश झालेले शरद बोबडेही इथलेच. शंभरी ओलांडलेल्या एवढ्या मातब्बर ठिकाणाहून ठरल्या वेळेत सगळं आटोपून पळायची घाई बरी दिसत नाही.

या वर्षाचं सोनं करायचं असेल तर एक वाक्य पाठ करा: 'लास्ट इयर आहे ना बे!' हे वाक्य दोन्हीकडून चालतं. आईला म्हटलं की तिला वाटतं पोरगं अभ्यासात बुडालं. मित्राला म्हटलं की तो गाडी काढतो. याच वाक्यावर फुटाळा तलावावर जाता येतं आणि याच वाक्यावर रात्री अकराला घरात शिरता येतं. एटीएममधून शेवटचे पाचशे काढतानाही ते मनातल्या मनात म्हणून बघा, हात थरथरत नाही.

दिवसाची सुरुवात तर्री पोह्यांनी, म्हणजे वरून तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांनी करा. नऊचं लेक्चर असेल तर साडेआठला टपरीवर हजर राहायचं, शिस्त म्हणजे शिस्त. पोहे संपतात पण तर्री उरते, म्हणून आणखी अर्धी प्लेट पोहे घ्यायचे. मग तर्री संपते आणि पोहे उरतात, म्हणून काकांकडे वरून तर्री मागायची. हा हिशोब बरोबर जुळेपर्यंत दहा वाजतात. तीन वर्षांत तुम्ही मनापासून सोडवलेलं हे एकच गणित, तेव्हा ते अर्धवट सोडू नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला जाणं चुकवू नका. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडग्यांचे पुतळे निघतात, आणि अख्खं गाव ओरडतं, 'रोगराई घेऊन जा गे मारबत!' लोक महागाई देतात, भ्रष्टाचार देतात, खड्डे देतात. तुम्ही त्यात हळूच आपला बॅकलॉग सरकवा. मी स्वतः सलग दोन वर्षं दिला होता. मारबतीने नेला नाही. बहुतेक खड्ड्यांनी जागा जास्त घेतली असावी.

हजेरीचं काय, असा प्रश्न काही भित्र्या मंडळींना पडतो. त्यांनी सरकारकडे पाहावं. १९५३ च्या नागपूर करारामुळे सरकारला वर्षातून एक अधिवेशन इथे भरवावं लागतं. म्हणून ते डिसेंबरात येतं, थंडीचं कौतुक करतं, संत्री खातं, मोर्चांची निवेदनं घेतं आणि परत मुंबईला जातं. तुम्हालाही ७५ टक्क्यांच्या नियमामुळे कॉलेजात जावं लागतं. तसंच जा. निवेदन तेवढं सोबत ठेवा. डेंग्यूचं सर्टिफिकेट पावसाळ्यात शोभतं, उन्हाळ्यात लू लागल्याचं. डिसेंबरात डेंग्यू लावून आलेला आमचा एक मित्र अजून चेष्टेचा विषय आहे.

आता प्रोजेक्ट. इथे जरा बैठक मारून वाचा, कारण वर्षाचं सार यातच आहे.

ग्रुप चौघांचा करायचा. एकाला काम येतं. दुसऱ्याकडे लॅपटॉप असतो. तिसऱ्याकडे गाडी असते. चौथा म्हणजे तुम्ही. तुम्ही ग्रुपचं नाव ठरवता. विषयाला पुढे 'स्मार्ट' लावायचं: स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट सिंचन, स्मार्ट पार्किंग. वस्तू जितकी साधी, तितकं 'स्मार्ट' उठून दिसतं. मग मागच्या बॅचच्या सीनियरला समोसा खाऊ घालून त्याचा रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घ्यायचा. त्यानेही तो त्याच्या सीनियरकडूनच घेतलेला असतो, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. ज्ञान असंच पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलंय. नावं बदला, साल बदला. ऋणनिर्देशाचं पान मात्र स्वतः लिहा, संपूर्ण रिपोर्टमध्ये तेवढंच मूळ लेखन असतं. त्यात आई-वडील, गाईड, विभागप्रमुख, ईश्वर या सगळ्यांचे आभार मानायचे. झेरॉक्सवाल्याला मात्र सगळे विसरतात, आणि रात्री साडेदहाला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करून देतो तो तोच.

व्हायवाच्या दिवशी शर्ट इन करा. बाहेरून आलेल्या सरांनी एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'ही काय करते?' असं विचारलं तर घाबरायचं नाही. नम्रपणे सांगायचं, 'सर, ती ओळ याची आहे,' आणि ज्याला काम येतं त्याच्याकडे पाहायचं. सरांनाही चारची गाडी पकडायची असते. पंचवीसपैकी एकवीस मिळतात. ज्याने सगळं केलं, त्यालाही एकवीसच. तो दोन दिवस तुमच्याशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला पोहे खाऊ घाला, आणि तर्री त्याला जास्त.

प्लेसमेंटवर फार लिहीत नाही, त्या विषयावर बोलायला तुमचे मामा आहेत. एवढंच सांगतो की 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?' या प्रश्नाचं खरं उत्तर मुलाखतीत देऊ नका. खरं उत्तर असं की दिवाळीच्या आदल्या रात्री पुण्याहून नागपूरला निघालेल्या ट्रॅव्हल्समध्ये, तिप्पट भाडं देऊन, मागच्या चाकावरच्या सीटवर. तिकडे भाजीवाल्याकडे 'सांबार द्या' म्हटलं की तो किराणा दुकान दाखवतो. त्याला कोथिंबीर म्हणायची सवय आत्तापासून लावून घ्या, प्लेसमेंट सेलवाले हे शिकवत नाहीत.

फेब्रुवारीत अचानक सगळ्यांना सगळ्यांबद्दल प्रेम वाटू लागतं. ज्याच्याशी तीन वर्षं फक्त 'प्रॅक्टिकल झालं का बे?' एवढंच बोलणं झालं, त्याच्या गळ्यात पडून रडायचं. झिरो माइलच्या खांबाजवळ फोटो काढायचा. तिथपर्यंत मेट्रोनेच जायचं, कारण मेट्रोतही फोटो काढायचा असतो. त्याखाली 'वो भी क्या दिन थे' लिहायचं, दिवस चालू असतानाच. आणि ज्या मित्राशी खरंच बोलायचं होतं, तो नेमका फोटो काढायला उभा असतो म्हणून एकाही फोटोत नसतो. हे तेव्हा लक्षात येत नाही. असो, हा विनोदी लेख आहे.

मग उन्हाळी परीक्षा. पारा पंचेचाळिसावर, नवतपा तोंडावर, कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी तुमची आणि अभ्यास 'रात्री गार झाल्यावर' करायचा ठरलेला. नागपुरात मे महिन्यात रात्री गार होत नाही, हे तुम्हाला जन्मापासून ठाऊक असतं. तरी वाट पाहा. पहाटे चारला कूलरची मोटर बंद पडते, तेव्हा पाच प्रश्न पाठ करायचे. त्यातले दोन येतात. एक तुम्ही लिहिता, दुसरा पेपर देऊन बाहेर आल्यावर आठवतो.

निकाल लागतो. पहिल्या वर्षाचं गणित परत राहतं. ज्याला काम येत होतं तो पुण्याला, गाडीवाला बंगळुरूला, लॅपटॉपवाला एमपीएससीच्या अभ्यासिकेत. तुम्ही हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरता आणि सवयीने टपरीवर येता.

'काऊन भाऊ, अजून इथंच?' काका विचारतात.

'लास्ट इयर आहे ना काका.'

'मागच्या सालीबी लास्टच होतं ना बाप्पा?'

प्लेट पुढे करायची. 'वरून तर्री द्या जराशी.'