दिवसाचे युनिट, रात्रीचे युनिट

सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या सौर तासांत छतावर तयार झालेली वीज त्याच तासांतल्या वापरातून वजा करावी, रात्रीच्या वापरातून नव्हे, अशा आशयाचा प्रस्ताव महावितरणने 2025 साली वीज नियामक आयोगापुढे मांडला. तेव्हापासून आमच्या नाशिकच्या नातेवाइकांत वाद धुमसतो आहे. आधी 78 हजारांपर्यंत अनुदान दाखवून पॅनेल बसवायला लावले आणि मग नियम फिरवायला निघाले, असा माझ्या चुलतभावाचा संताप आहे. त्याला गप्प करण्यासाठी कुणीतरी हटकून म्हणते, “ऑस्ट्रेलियात बघा, तिथे कुणी कुरकुरत नाही.” दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये बसून हे वाक्य वाचले की माझे डोके तापते.

दुपारचे युनिट आणि रात्री आठचे युनिट एका मोलाचे नसते, हे भावाने मान्य करायलाच हवे. 31 डिसेंबर 2023 रोजी काही काळ दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या छतांनी राज्याच्या एकूण मागणीपेक्षा जास्त वीज निर्माण केली. अशा दुपारी ग्रिड सांभाळणे अवघड होते, म्हणून सप्टेंबर 2020 पासून इथले नवे पॅनेल दुरून बंद करता येतील असेच बसवावे लागतात. 14 मार्च 2021 च्या रविवारी एमोच्या, म्हणजे ग्रिड चालवणाऱ्या इथल्या संस्थेच्या, आदेशाने ते प्रथमच बंद केले गेले. महाराष्ट्रातली छते अजून त्या टप्प्याच्या जवळपासही नाहीत, मग उपाय मात्र त्या टप्प्यावरचाच आधी कशाला?

शिवाय ऑस्ट्रेलियाचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. सुरुवातीच्या ग्राहकांना प्रति युनिट 44 सेंट 2028 च्या जूनपर्यंत द्यायचे ठरले होते. आज नव्यांच्या हाती त्याच्या पासंगालाही न पुरणारा दर पडतो, तरी जुन्यांचा शब्द मोडलेला नाही. दुपारी दहा ते तीन वीज वापरणाऱ्यांसाठी वेगळा स्वस्त दर आणला, तेव्हा आम्ही हॉट वॉटरचा टायमर रात्रीवरून दुपारवर नेला. घरगुती बॅटरीवर 1 जुलै 2025 पासून कॅनबेराच्या केंद्र सरकारकडून सुमारे 30 टक्के सवलत मिळू लागली.

“तिकडे बसून बोलायला काय जाते?” असे भाऊ म्हणतो. इथली वीज किती महाग आहे आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला यातले काय येते, हे मी त्याला मुद्दामच सांगत नाही. माझे इथले बिल डायरेक्ट डेबिटने परस्पर जाते, मी ते उघडूनही पाहत नाही. नाशिकच्या बंद फ्लॅटचे मात्र महिन्याच्या महिन्याला ओळ न् ओळ वाचतो, वहन आकारावर हुज्जत घालतो. एमोबद्दल माझे मत इथे कुणी विचारत नाही. तिकडे निदान चिडतात तरी.

सोसायटीच्या गच्चीवर पॅनेल बसवण्याच्या ठरावाला मी संमती देणार आहे. मात्र अंदाजपत्रकात बॅटरीचा खर्च धरावा, असे सचिवांना कळवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.