चौऱ्याऐंशी हेलिकॉप्टरं

जुन्या सिंथेसायझरचे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेऊन ठेवायचे, म्हणजे सॅम्पल करायचे, हे मी घरात जाहीर केलं तेव्हा आईने विचारलं, "मग ते यंत्र विकणार का?"

"नाही."

"मग आवाज काढून कशाला घेतोयस?"

याला उत्तरं आहेत. यंत्र म्हातारं झालंय, सुटे भाग मिळत नाहीत, उचलून न्यायचं तर कंबर लागते. पण आईने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून विषय संपवला. त्या "बरं"मध्ये यंत्र आणि मी दोघेही आलो होतो.

हे काम हाताने करणं सोपं आहे, फक्त माणूस त्यात टिकत नाही. पट्टी दाबायची, आठ सेकंद धरायची, सोडायची, स्वर पूर्ण विरेपर्यंत श्वास रोखून बसायचं (श्वास रोखायची काहीच गरज नसते, तरी सगळे रोखतात), फाइलला नाव द्यायचं, पुढची पट्टी. १९६३ साली मेलोट्रॉन नावाचं वाद्य आलं, त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असायचा, साधारण आठ सेकंदांचा. पट्टी दाबली की टेप सरकायची, सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढायचा. त्या टेपांसाठी कुणीतरी खरोखरीच्या व्हायोलिनवर एकेक स्वर आठ आठ सेकंद वाजवला होता. त्या माणसाचा विचार माझ्या मनात फार येतो. निदान त्याला पैसे तरी मिळाले असतील.

१९८३ साली मिडी आलं, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना हुकूम द्यायची सामाईक भाषा. अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका केबलने जोडली गेली आणि एकाची पट्टी दाबल्यावर दुसरं वाजलं. एकदा हे जमल्यावर पट्टी दाबायला माणूसच हवा असं राहिलं नाही, कॉम्प्युटरही दाबू शकतो. पुढे यातूनच ऑटो-सॅम्पलिंगची सॉफ्टवेअरं निघाली. सॅम्पलरोबॉट आलं, रेडमॅटिका या इटालियन कंपनीचं ऑटोसॅम्पलर आलं. ॲपलने २०१२ साली ती कंपनीच विकत घेतली, आणि तो ऑटो सॅम्पलर ॲपलच्याच संगीताच्या सॉफ्टवेअरांत, आधी मेनस्टेजमध्ये आणि २०२० साली लॉजिकमध्ये, येऊन बसला. माझ्याकडचं सॉफ्टवेअर कोणतं ते सांगत नाही, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरंच बोलणार आहे.

या साऱ्या खटाटोपात मजेचा भाग एकच असतो, तो म्हणजे वाजवणं. सॉफ्टवेअरने नेमका तोच स्वतःकडे घेतला. उरलेलं, म्हणजे ठरवणं, वाट पाहणं, निस्तरणं आणि घरच्यांना उत्तरं देणं, माझ्याकडे ठेवलं. "स्टार्ट"चं बटण दाबण्याआधी ते इतके प्रश्न विचारतं की कर्जाचा अर्ज बरा. कोणत्या स्वरापासून? किती स्वरांच्या अंतराने? किती वेळ धरू? सोडल्यावर किती वेळ थांबू? किती दाबांचे थर? आणि मधला 'सी', म्हणजे पट्ट्यांच्या मधोमधचा स्वर, तुम्ही कोणता समजता? हा शेवटचा प्रश्न खोचक आहे. मिडीत त्याचा नंबर ६० हे ठरलेलं आहे, पण त्याला काही कंपन्या सी-३ म्हणतात आणि काही सी-४. दोन्हीकडचे लोक स्वतःला बरोबर समजतात, आणि अख्खं वाद्य एक सप्तक खाली जाऊन घोरायला लागतं.

माझ्याकडे दोन यंत्रं. पहिला अ‍ॅनालॉग सिंथ, मागाहून मिडी बसवून घेतलेला. स्वभावाने कलावंत. तापल्याशिवाय सुरात येत नाही, आणि तापल्यावर ज्या सुरात येतो तो अर्ध्या तासापूर्वीचा नसतो. सॉफ्टवेअर बिचारं शिस्तीचं. खालच्या पट्टीपासून सुरू करून पायरी पायरीने वर जातं. खोली हळूहळू गरम होत जाते, ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे भाग, हळूहळू सरकत जातात, आणि खर्जाच्या बाजूचं वाद्य व तार सप्तकाचं वाद्य या दोन वेगळ्या पक्षांच्या भूमिका होतात. यावर उपाय म्हणजे स्वर क्रमाने न घेता उलटसुलट घ्यायचे. मग बेसूरपणा सगळ्या पट्ट्यांवर सारखा वाटला जातो आणि लोक त्याला 'अ‍ॅनालॉग ऊब' म्हणतात.

दाबाचा प्रकार वेगळाच. सॉफ्टवेअरला प्रत्येक स्वर चार थरांत हवा असतो, हळू दाबलेला, मध्यम, जरा जोरात आणि खच्चून. माझ्या अ‍ॅनालॉगला हळू-जोर हा भेदच कळत नाही. त्या काळच्या कित्येक सिंथना कळत नसे, पट्टी दाबली एवढंच त्यांना समजतं. सॉफ्टवेअर आधी विनवतं, मग विचारतं, मग दरडावतं, मग ओरडतं, आणि चारही वेळा तेच एक उत्तर घेऊन चार फाइलींत जपून ठेवतं.

पण खरा संघर्ष शांततेवरून झाला. स्वर सोडल्यावर तो विरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचा घ्यायचा, असा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'विरला' म्हणजे काय, तर आवाज उणे साठ डेसिबलच्या खाली गेला. कल्पना सुंदर आहे. फक्त माझा सिंथ कधीच उणे साठच्या खाली जात नाही. तो काही न वाजवतानाही खरखरत असतो, शिवाय त्याखाली विजेची एक गुणगुण. तर पहिला स्वर वाजला, सुटला, विरला, आणि सॉफ्टवेअर थांबलं. पडद्यावर लिहिलेलं होतं: 'शांततेची प्रतीक्षा'. मीही थांबलो. ते शांततेची वाट पाहत होतं, मी त्याची. संवाद तुटू नये म्हणून मी खुर्चीही हलवली नाही.

घरातले लोक इतके समजूतदार की सगळे कुजबुजायला लागले. मुलगा पाय न वाजवता दारात आला आणि ओठांनीच विचारलं, "रेकॉर्डिंग चालू आहे?" मी मान हलवली. आवाज तारेतून जातो, खोलीत बॅंड वाजला तरी सॅम्पलमध्ये येणार नाही, ही तांत्रिक माहिती मी त्या क्षणी दिली नाही. इतकी शांतता या घरात कधीच मिळाली नव्हती आणि ती कोणत्या कारणाने मिळते आहे याची चौकशी करणं मला शहाणपणाचं वाटलं नाही.

शेवटी उंबरठा उणे पन्नासवर आणला तेव्हा गाडी हलली. खरखर मात्र प्रत्येक फाइलमध्ये आली. एक स्वर वाजवला तर ऐकू येत नाही. सहा स्वरांचा कॉर्ड धरला की सहा खरखरी एकत्र जमतात आणि जवळजवळ आठ डेसिबलनी वर चढतात. ती काढून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी वापरून पाहिली. खरखर गेली आणि तिच्याबरोबर सिंथही गेला. मागे फोनची रिंगटोन उरली. तेव्हा माझं मत असं की खरखर ठेवावी. ती वाद्याचा भाग आहे, आणि तक्रार करणाऱ्याला 'मुद्दाम ठेवली आहे' असं सांगता येतं.

दुसरं यंत्र डिजिटल, नव्वदच्या दशकातलं, जनरल मिडीवालं. १९९१ साली ठरलेल्या या नियमाप्रमाणे १२८ आवाजांचा क्रम पक्का झाला. पहिला पियानो, एकेचाळिसावा व्हायोलिन, चौऱ्याहत्तरावी बासरी. यंत्र कोणतंही असो, नंबर तोच. ऑटो-सॅम्पलिंगसाठी याहून आज्ञाधारक गिऱ्हाईक नाही, कारण आवाज बदलण्याचा हुकूमही मिडीतूनच देता येतो. मी हिशोब मांडला. पाच सप्तकं म्हणजे ६१ पट्ट्या, दर तिसरी घेतली तर २१ स्वर. चार थर, म्हणजे ८४ सॅम्पल. प्रत्येकी १२ सेकंद, म्हणजे एका आवाजाला जवळपास १७ मिनिटं आणि १२८ आवाजांना साधारण ३६ तास. जागा लागणार ३४ गिगाबाइट. हे यंत्रही आतून सॅम्पलच वाजवतं, आणि त्याचे सगळे आवाज मिळून आतल्या चिपमध्ये काही मेगाबाइटांत मावलेले आहेत. हे मुलाने शोधून काढलं. "म्हणजे बाबा, तू फोटोचा फोटो काढतोयस, पण भिंतीएवढा?" मी त्याला अभ्यासाला पाठवलं.

नंबरांतही एक मेख असते. यंत्राच्या तोंडावर मोजणी १ ते १२८, तारेत ती ० ते १२७. सॉफ्टवेअर कुणाच्या बाजूचं आहे हे पहिला आवाज आल्याशिवाय कळत नाही, आणि पहिले दोन्ही आवाज पियानोचेच असल्याने तेव्हाही कळत नाही.

ऑर्गनपाशी असताना कुणीतरी टेबल पुसलं. मिडीची केबल जराशी हलली आणि 'स्वर सोड' हा निरोप वाटेत हरवला. स्वर सुरू झाला तो सुरूच. सॉफ्टवेअर पुढे चालत राहिलं. व्हायोलिन, ट्रंपेट, बासरी, सगळ्यांनी त्या एका ऑर्गनच्या स्वराला तानपुरा मानून आपापली हजेरी लावली. आईला तो भाग आवडला. आता मी प्रत्येक आवाजाच्या आधी मिडीचा १२३ नंबरचा हुकूम पाठवतो, ज्याचा अर्थ 'सगळे गप्प'. घरात असा काही नंबर असता तर!

जनरल मिडीची यादी शेवटाकडे जरा वेडी होते, हे सगळे विसरतात. १२४ वर पक्षी, १२५ वर टेलिफोन, १२६ वर हेलिकॉप्टर. सॉफ्टवेअरला यात काही वावगं दिसत नाही. रात्री उशिरा, आम्ही झोपायच्या बेतात असताना, स्पीकर लहान आवाजात चालू ठेवलेल्या खोलीत फोन वाजू लागला. २१ वेगवेगळ्या पट्ट्यांत, प्रत्येकीत चार वेळा. आईने आतून हाक मारली, "अरे, कुणीतरी घ्या तो!" बायको म्हणाली, "इतक्या रात्री तुझ्याशिवाय कुणाचा असणार?" फोन थांबला तेव्हा हेलिकॉप्टरं आली. चौऱ्याऐंशी. मंद्र सप्तकातली तर अंगणात उतरावीत तशी. मग १२७ वर टाळ्या. चार थरांतला पहिला थर म्हणजे भाषण लांबल्यावर पडतात तशा, चौथा म्हणजे वक्ता बसल्यावर पडतात तशा.

१२८ वर बंदूक आहे. मी धावत जाऊन स्पीकर बंद केला, तरी तीन-चार गोळ्या सुटल्याच. त्यानंतर आमच्याकडे कुणीच कुजबुजलं नाही.

सकाळी सगळे आवाज तयार होते. सॉफ्टवेअरने प्रत्येकात लूप शोधून ठेवला होता, म्हणजे पट्टी धरून ठेवली की स्वर न तुटता चालत राहावा. व्हायोलिनमध्ये मधेच उचकी लागते. बंदुकीतही त्याने चिकाटीने लूप शोधला आहे, आता पट्टी दाबून धरली की मशीनगन चालते. मुलगा सध्या तेवढंच वाजवतो. टाळ्यांचा लूप मात्र अप्रतिम जमलाय. सांधा कुठेच ऐकू येत नाही, आणि बोट उचलेपर्यंत त्या थांबत नाहीत. बायकोने पुढच्या आठवड्यातल्या ऑफिसच्या प्रेझेंटेशनसाठी ती फाइल मागितली आहे. चौथा थर.