पाटी कन्नडात, बाटली कोरियनमध्ये

मे महिन्यात बेळगावात भाचीचं लग्न आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मांडी दाखवली. तळहाताएवढा जांभळा डाग, कडेने पिवळा पडत आलेला. "आत्या, चरबी विरघळायचं इंजेक्शन घेतलं की. तुमच्याकडे सगळ्याजणी घेतात म्हणे." मागून वहिनीचा आवाज, "अमेरिकेचं खूळ सगळं! आमच्या वेळी कोण बघत होतं मांड्या?"

दोघींच्या भांडणात साक्षीला अमेरिका. एकोणीस वर्षं न्यू जर्सीत काढल्यावर साक्ष द्यायला हवीच.

मांड्या-कुल्ल्यांवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडतात, त्याला सेल्युलाइट म्हणतात. वयात आलेल्या दहापैकी आठ-नऊ बायकांना तो असतो, बारीक असोत की जाड. कातडीला खालच्या थराशी बांधणारे तंतू आत ओढतात आणि मधली चरबी वर फुगते. गादीला टाके घातल्यावर कापूस फुगतो, तसंच. रोगबिग काही नाही. कापूस कमी केला म्हणून टाके सुटत नाहीत, हे आमच्या शहापुरातला कुठलाही गादीवाला सांगेल.

इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, सेल्युलाइटसाठी पहिलं इंजेक्शन मंजूर केलं जुलै २०२० मध्ये, क्वो नावाचं, तेही फक्त नितंबांसाठी. ते चरबी विरघळवत नव्हतं, ते तंतू तोडणारं एन्झाइम होतं. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण काळेनिळे डाग आणि कातडीवर रेंगाळणारा रंग. चरबी विरघळवण्यासाठी मंजूर आहे ते इंजेक्शन हनुवटीखालच्या चरबीचं. बाकी मंजुरी नसलेली इंजेक्शनं इथेही ब्युटी स्पामध्ये टोचली जातात, आणि २०२३ च्या डिसेंबरात एफडीएने त्यांच्याबद्दल इशारा दिला: कायमचे व्रण, जंतुसंसर्ग, दुखऱ्या गाठी. तेव्हा भाचीही अर्धी बरोबर, वहिनीही अर्धी.

मला चटका लागला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "सही कशावर केलीस?" विचारलं, तर दोन पानांचा इंग्रजी फॉर्म. पोरगी बी.कॉम. आहे, इंग्रजी वाचते. तरी म्हणाली, "सही कर म्हणाले, केली."

दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, असा कायदा कर्नाटकात २०२४ साली झाला. त्यावरून गावात केवढी तणतण! आमची बाजू मला पाठ आहे. एक नोव्हेंबरच्या, मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी दादाचं बोट धरून चाललेली आहे. पण दाराच्या आत, टेबलावर सरकवलेला कागद कन्नडात नाही आणि मराठीतही नाही, यावर दोन्हीकडच्या कुणी कधी घसा फोडल्याचं मला आठवत नाही. खानापूरकडून आलेली मराठी बाई आणि बैलहोंगलची कन्नड बाई त्या टेबलापाशी अगदी सारख्याच अडाणी ठरतात.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन इथे झालं, तेव्हा फोनवर मराठी दुभाषी होती. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला ती फुकट द्यावीच लागते. एकेक ओळ सांगून झाल्यावर आईने विचारलं, "पोटात काय विसरून ठेवत नाहीत ना?" सर्जन हसला, पण उत्तर देऊनच पुढे गेला. बाजारपेठेतल्या ब्युटी स्पात असलं लाड कुणी करत नाही, हेही खरं.

वहिनीला यातलं काही नको होतं. "डाग हळदीपर्यंत जाईल का, तेवढं सांग." म्हटलं, आधी चामडीच्या डॉक्टरला दाखवा आणि बाटली बरोबर न्या. बाटली क्लिनिकवाल्यांनी केव्हाच टाकलेली. भाचीने फोटो तेवढा काढला होता, तो पाठवला. लेबलवर सगळी कोरियन अक्षरं. मला वाचता आला तो फक्त बॅच नंबर.