धोरणाची पदवी आणि खसाळ्याची राख : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पर्यावरणाच्या क्षेत्रात काय करता येतं, या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमची मुलगी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली आहे, तिला आता ही पदवी घ्यायची आहे आणि माझ्यासारख्यांचे लेख तिची दिशाभूल करतात, असा तुमचा आक्षेप आहे. तुमचं म्हणणं असं : पर्यावरण हे विज्ञानाचं काम; नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आपल्याच शहरात, नागपुरात असताना मुलांनी प्रयोगशाळा सोडून नुसत्या ‘मीटिंगा करून राहिलेल्या’ लोकांत का जावं? कायदे ढीगभर आहेत, राबवतं कोण? तुमची सारी नोकरी औष्णिक वीज केंद्रात झाली, म्हणून तुमच्या ओळखीच्या, कोळसा जळून उरणाऱ्या राखेवरूनच उत्तर देते.

राखेच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये चालते, रस्त्याच्या भरावात आणि बंद खाणीत घालता येते, हे शास्त्रज्ञांनी कधीच सिद्ध केलं होतं. त्याच आधारावर १९९९ मध्ये केंद्र सरकारची अधिसूचना आली : वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळायची. पुढे हे अंतर १०० किलोमीटर झालं, २०१६ मध्ये ३००. अंतर वाढत गेलं आणि राखेची तळी भरत गेली, कारण राख पडून राहिली तरी केंद्राच्या खिशाला त्याची झळ बसत नव्हती. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई लावली गेली. नंतरच्याच पावसाळ्यात, जुलै २०२२ मध्ये, नागपूरजवळच्या खसाळा गावातला, कोराडी वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत शिरली.

बंधारा मजबूत बांधणं हे इंजिनिअरचं काम, यात वाद नाही. पण तिथे इतकी वर्षं राख साठत का राहिली? वाहतुकीचा खर्च कोणाच्या माथी? जुना साठा किती मुदतीत उचलायचा, भरपाई वसूल होते का, झालीच तर ज्याच्या शेतात राख आली त्याच्यापर्यंत पोहोचते का? या प्रश्नांसाठी रसायनशास्त्राइतकंच अंदाजपत्रक, कंत्राट आणि नियमाचं पोटकलम वाचता यावं लागतं. तुम्ही विचारता, राबवतं कोण. या कागदांच्या मागे चिकाटीनं लागणारी माणसं फार थोडी आहेत, आणि म्हणूनच मला तुमच्या मुलीसारखी मुलं या कामात हवी आहेत.

पाण्याचंही असंच आहे. नागपूरच्या भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्यामुळे शहराला पाणी देणाऱ्या पेंच प्रकल्पाच्या पाण्यावरचा तेवढा भार हलका होतो. नागपूरनं हे करून दाखवलं. मग जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणात तरतूद आली, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हे पाणी वापरलंच पाहिजे आणि त्याचा जादा खर्च वीजदरात धरता येईल. शुद्धीकरणाचं तंत्र आधीपासून होतंच. पैसा कुठून येणार, हे त्या एका वाक्यानं ठरवलं. ते वाक्य कोणीतरी बसून, आकडेमोड करून, भांडून लिहिलेलं असतं. हे काम मला प्रयोगशाळेपेक्षा कमी वाटत नाही.

जनसुनावणीबद्दलही सांगते, कारण माझा जीव तिथे सर्वांत जास्त तुटतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणीसारख्या मोठ्या प्रकल्पाला मंजुरीआधी जनसुनावणी लागते. किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे. प्रत्यक्षात गावकरी मंडपात येतात, पोटतिडकीनं बोलतात, रागावून निघून जातात. पुढे तज्ज्ञ समितीसमोर मंडपातला राग जात नाही, इतिवृत्त जातं. विहिरीचं पाणी किती खाली गेलं, रस्त्यावरून रोज किती ट्रक जातात, मूळ अहवालात ते कुठे चुकीचं लिहिलंय, हे लेखी दिलं तर ते टाळणं अवघड होतं. सुनावणीच्या आधी गावात बसून तो सारांश लोकांबरोबर ओळ न् ओळ वाचणारी व्यक्ती म्हणजे माझ्या मते या पदवीचा सर्वांत चांगला उपयोग. तिला मराठी कागद लिहिता आला पाहिजे. आपले बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात आणि हे शिकवत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

नोकऱ्यांबाबत तुमची काळजी बरीचशी रास्त आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळातली तांत्रिक पदं किंवा नीरीतलं संशोधन या पदवीवर मिळत नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही विज्ञान, कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगसारखी पदवी लागते. स्वयंसेवी संस्था, संशोधन गट, महापालिकांचे हवामान आराखडे, मुख्यमंत्री फेलोशिप, सल्लागार कंपन्या हे रस्ते आहेत. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं बाजारमूल्यात पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केल्यापासून सल्लागार कंपन्यांत मागणी आहे, पगारही तिथेच बरा. गावपातळीवरच्या कामात पैसा कमी आहे, हे मुलीला आधीच स्पष्ट सांगा.

मोठं कर्ज काढून खासगी विद्यापीठात ही पदवी घेऊ नये, या तुमच्या मताशी मी सहमत आहे. बंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, आयआयटी मुंबईचं धोरण अभ्यास केंद्र अशा सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम आधी पाहावेत. संख्याशास्त्र आणि सार्वजनिक वित्त नीट शिकवत नसतील, तर तिथे जाऊच नये. पण तिचं बी.एस्सी. वाया जाईल, हे मला पटत नाही. पाण्याच्या नमुन्याचा अहवाल समजणारी आणि नियमाचं कलमही वाचणारी मुलगी खसाळ्यासारख्या गावाला फार उपयोगी पडेल. प्रवेशाआधी तिला एक माहिती अधिकाराचा अर्ज करायला सांगा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ते उत्तर वाचताना ती रमली तर हे काम तिचं आहे. कंटाळली तर नीरीचा रस्ता उत्तमच.

आणि तुम्हाला एक विनंती. राख उचलण्याची कंत्राटं केंद्रात कशी निघत, वजन कुठे होई, ओली राख कोणी का नेत नसे, हे तुम्ही आतून पाहिलंय. सविस्तर लिहून पाठवाल का? राखेवरच्या पुढच्या लेखासाठी मला नेमकं तेच हवं आहे.