फक्त मंदिरंच कर भरतात?

आमच्या गावच्या देवस्थानाचे हिशोब गेली काही वर्षं मी पाहतो. म्हणून घरच्या ग्रुपवर मामांनी पाठवलेला मजकूर वाचून गप्प राहवलं नाही. मजकूर थोडक्यात असा: या देशात फक्त मंदिरं प्राप्तिकर भरतात, मशिदी आणि चर्चना तो माफ आहे. जीएसटीही मंदिरांच्याच माथी. आणि सरकार मंदिरांच्या दानपेटीतला वाटा काढून घेतं. मामांची देवावरची श्रद्धा खरी आहे, त्यांचा रागही खरा आहे. पण ज्या माहितीवर तो उभा आहे ती चुकीची आहे.

प्राप्तिकराचं आधी बघू. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यातली कलम ११ ते १३ धार्मिक आणि धर्मादाय न्यासांसाठी होती. देवळाला एक नियम, दर्ग्याला दुसरा, असं तिथे कुठेही लिहिलेलं नव्हतं. न्यास प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेला हवा, वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत किंवा रीतसर राखून ठेवायला हवेत, आणि विश्वस्तांनी पैसा स्वतःकडे किंवा नातलगांकडे वळवलेला नसावा. अटी पाळल्या की सूट, मोडल्या की कर. नव्या २०२५ च्या कायद्यातही धर्म पाहून सूट ठरत नाही. आमचं देवस्थान दरवर्षी विवरणपत्र भरतं, कर भरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते, आणि गैरसमज बहुधा तिथूनच सुरू होतो.

शिर्डीचं उदाहरण तर ताजं आहे. दानपेटीत पडणाऱ्या पैशावर देणाऱ्याचं नाव नसतं. अशा निनावी देणग्यांवर ३० टक्के कराची तरतूद आहे, मात्र धार्मिक न्यासांना त्यातून वगळलेलं आहे. साई संस्थान रुग्णालयं आणि शाळाही चालवतं, तेव्हा ते धार्मिक नसून धर्मादाय आहे, असं म्हणत प्राप्तिकर खात्याने कर मागितला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही आहे, असं सांगून सूट कायम ठेवली. म्हणजे ज्या सवलतीपासून मंदिरं वंचित आहेत म्हणून मामा हळहळतात, ती राज्यातल्या सर्वांत श्रीमंत देवस्थानांपैकी एकाला न्यायालयाने दिली आहे.

चर्चना सगळं माफ आहे का? अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि पाद्री यांच्या पगारातून कर कापू नये, कारण ते तो पगार आपल्या धर्मसंघाला देऊन टाकतात, असं ख्रिस्ती संस्थांचं म्हणणं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. पगार म्हटला की कर आलाच.

जीएसटीबद्दल तर ही अफवा जुलै २०१७ पासून, म्हणजे कर लागू झाल्याच्या पहिल्या आठवड्यापासून फिरते आहे. अर्थ मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता. प्रसादावर शून्य कर आहे, मग तो मंदिराचा असो, गुरुद्वाऱ्याचा असो की दर्ग्याचा. धार्मिक स्थळाच्या आवारातल्या खोलीचं भाडं दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर कर नाही. सभागृहासाठी ही मर्यादा दिवसाला १०,००० आणि दुकानासाठी महिन्याला १०,००० रुपयांची. २०२२ मध्ये हॉटेलच्या स्वस्त खोल्यांवर कर आला तेव्हा अमृतसरच्या सराया त्यात सापडल्या आणि शिखांनी तक्रार केली. ऑगस्टमध्ये खुलासा झाला की धार्मिक स्थळांच्या सरायांना सूट आहेच. त्याच नियमात आपली भक्तनिवासंही बसतात. आणि हज यात्रा नेणाऱ्या खासगी कंपन्यांनी जीएसटी माफी मागितली, ती जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारली.

मालमत्ता कराचंही तसंच. महापालिका कायद्यात केवळ सार्वजनिक पूजेसाठी वापरलेल्या इमारतीला सर्वसाधारण करातून सूट आहे, मग ती कुठल्याही धर्माची असो. गाळा भाड्याने दिलात तर त्या गाळ्याला ती मिळत नाही.

दानपेटीतल्या वाट्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या विधेयकात कोटीवर उत्पन्न असलेल्या मंदिरांकडून १० टक्के आणि १० लाख ते १ कोटीच्या मंदिरांकडून ५ टक्के घ्यायचं होतं. हा पैसा सरकारी तिजोरीसाठी नसून सामाईक निधीसाठी होता, आणि त्या निधीतून गरीब मंदिरांना मदत व्हायची होती. वक्फ संस्थांनाही आपल्या मंडळाला वर्गणी द्यावी लागते, २०२५ पर्यंत ती ७ टक्के होती. तेव्हाच्या मुंबई राज्यात धर्मादाय आयुक्तांच्या निधीला न्यासांनी द्यायच्या वर्गणीविरुद्ध एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९५४ मध्ये न्यायालयाने ती कर नसून शुल्क ठरवली. त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात मद्रास सरकारची तशीच वर्गणी मात्र कर ठरवून रद्द केली. त्यामुळे कर आणि शुल्क यांतली रेषा बारीक आहे हे मी मान्य करतो.

मामांच्या मनात खरं काय सलतं तेही मला कळतं. पंढरपूर, सिद्धिविनायक, शिर्डी यांच्यासाठी सरकारने स्वतंत्र कायदे केले, समित्या नेमल्या, आणि भाविकाला वाटतं की देव सरकारच्या ताब्यात गेला. हा वाद रास्त आहे, मीही त्यात मामांच्या बाजूने बोलेन. पण तो कारभाराचा वाद आहे, कराचा नाही. करमाफी सगळ्यांना राहावी असंच मला वाटतं, फक्त तिच्या बदल्यात वर्षाचा ताळेबंद सभामंडपात, मशिदीच्या आणि चर्चच्या दारात लावलेला असावा. आमच्या देवळात तो गेल्या वर्षापासून लावतो आहोत. पहिल्याच आठवड्यात गावातल्या आजीबाईंनी विजेच्या बिलाचा आकडा एवढा कसा, म्हणून मला थांबवून विचारलं.